पुलावरची शांतता

तो मोबाइल कंपनीत नेटवर्क इंजिनिअर होता, म्हणून घरात त्याला सगळे टॉवरवाला म्हणत. रोज बसमधून तो आईशी फोनवर बोले आणि पुलावर फोन हमखास कट होई, कारण एका टॉवरकडून दुसऱ्याकडे फोन सोपवायला तिथे फार वेळ लागे.

"जगाचे फोन जोडतोस आणि आईचाच तोडतोस," ती टोमणा मारी.

तीन महिने खपून त्याने पुढचा टॉवर आधीच तयार ठेवायची सोय केली. आज "पूल आला गं," असं तो सवयीने म्हणाला आणि आईचा आवाज थांबला. मेहनत पाण्यात गेली, असं वाटून तो फोन कानावरून काढणार, इतक्यात पूल संपला.

"संपला का रे पूल?" आईने विचारलं. "फोन कट होणारच म्हणून मी आपली गप्प बसले होते."