एंटर न दाबणारे भाऊ

कुणावर लिहिण्याइतका मी मोठा नाही, तरी लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. दुसऱ्या दिवशी आमची कॉम्प्युटरवर परीक्षा होती. आदल्या दिवशी कॉलेजच्या लॅबमधल्या सगळ्या मशीनवर नवी सिस्टिम टाकायला धुळ्याहून एक गृहस्थ साक्रीला आले होते. त्यांनी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांची यादी, सगळं आपोआप करणार होती, पण प्रत्येक स्क्रीन एकाच प्रश्नावर अडायची: डिस्क पुसू का?

“एंटर दाबा ना, भाऊ!” मदतीला बसवलेला मी वैतागलो.

हात पाठीमागे बांधून ते म्हणाले, “मीच दाबायचं, तर स्क्रिप्ट कशाला लिहिली?”

स्क्रिप्टमधली एक ओळ बदलून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. माझा अभ्यास तसाच राहिला.

संध्याकाळी सगळ्या मशीन काहीही न विचारता पूर्ण झाल्या. तेवढ्यात शिपाई नाना आले आणि त्या गृहस्थांना म्हणाले, “परीक्षा पुढे ढकलाई गयी, भाऊ. दुपारलेच फोन उना व्हता.”