राहीबाई आणि पीटीची कॅसेट

आमच्या घरात हाक मारायची पद्धत नव्हती. म्हणजे पोरांना, गड्यांना, म्हशींना हाका होत्या, बायकोला नव्हती. सासूबाई ओसरीवर बसलेल्या असताना पुरुषाने बायकोला हाक मारली तर तो निर्लज्जपणा. चहा हवा असला की खाकरायचं, नाहीतर आईकडे तोंड करून म्हणायचं, "चा झाला का इचार." मग सासूबाई आत बघून विचारणार, "चा झाला का?" आतलीने पहिल्यांदाच सगळं ऐकलेलं असायचं, पण उठायचं दुसऱ्यांदा ऐकल्यावर. मी माधवनगरच्या गिरणी कामगाराची मुलगी, अकरावी झालेली. मला हे बघून हसूही यायचं आणि संतापही. माझ्या थोरल्या जावेला, राहीबाईला, हसू येत नसे की संताप. ती नुसत्या खाकरण्यावर उठायची.

मी तिला आक्का म्हणायची. तिचे यजमान लालासाहेब, म्हणजे माझे थोरले दीर, फौजेत हवालदार होते. जवानांना कवायत शिकवणारे, पीटीचे उस्ताद. वर्षातून एकदा रजेवर यायचे. आक्काची उमेदीची सगळी वर्षं त्या रजांच्या मधल्या काळात गेली. मूल झालं नाही. त्यावर गावातल्या बायका भरपूर बोलल्या, आक्का एक अक्षर बोलली नाही. भाकरी थापायची, शेण काढायचं, उसाच्या भांगलणीला जायचं, परत भाकरी थापायची. तिला कशाचं काही वाटतं की नाही, याची मला पुष्कळ दिवस शंकाच होती.

दुष्काळ सरला त्या वर्षी भावजी पेन्शनीवर घरी आले. कोरेगावपासून जवळच आमचं गाव, भरतीला जाणारी पोरं मुबलक. भावजींनी अंगणात कवायत सुरू केली. त्यांचा आवाज असा, की ओढ्यापलीकडे उसाला पाणी देणारा गडीसुद्धा 'सावधान' ऐकून ताठ व्हायचा म्हणे. मी काही पाहायला गेले नाही. पण घरात भांडी घासताना आमचे हात त्या एक-दो-तीन-चारवर चालायचे, हे खरं. उस्ताद 'थम' म्हणेपर्यंत कुणी थांबायचं नाही, हा त्यांचा कायदा.

माझे यजमान नाथाजी, तेही फौजेतच, शहात्तरच्या दिवाळीत रजेवर येताना टेपरेकॉर्डर घेऊन आले. गावात अर्धा दिवस कुणी कामाला गेलं नाही. तेव्हा भावजींच्या पलटणीतल्या दोस्ताचा मुलगा धुळा कवठे महांकाळकडून तयारीला येऊन राहिला होता. तो म्हणाला, "उस्ताद, घरी गेल्याव मला कोन वरडणार? तुमचा आवाज भरून द्या की. रोज सकाळी लावीन आन घरीच कसरत करीन."

उस्तादांना हे पटलं. अंगणात खुर्चीवर टेप ठेवला. समोर पोरं उभी केली, कारण समोर कुणी नसलं तर त्यांचा आवाज लागत नसे. तांबडं बटण आणि शेजारचं बटण नाथाजींनी एकदम दाबलं आणि भावजी सुरू झाले. बाजू उपर, बाजू साइड, कमर से झुको. मध्यावर त्यांचा घसा कोरडा पडला. उस्ताद पुऱ्या रंगात होते, घर, ओसरी, ओसरीवरची आई, सगळं विसरले आणि त्याच आवाजात ओरडले, "ए, पाणी आण गं!"

 मग पोरं फिस्सकन हसली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आक्का तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. त्या घरात इतकी वर्षं काढल्यावर तिला नवऱ्याने मारलेली ती पहिली हाक. भावजी पाणी प्यायले आणि कुणाकडे न बघता त्यांनी पुढची कवायत सांगितली. ते सगळं कॅसेटमध्ये भरलं गेलं. हाक, बांगड्यांचा आवाज, गटागटा पाणी पिणं. नंतर भावजी नाथाजींवर चिडले, "तेवढं काढून टाक." नाथाजींना ते जमेना. धुळा तशीच कॅसेट घेऊन गेला, भरती झाला, आणि पेढ्यांबरोबर ती परत देऊन गेला.

पुढच्या वर्षी पेरणीच्या दिवसांत भावजींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की घरी गेल्यावर हातपाय रोज हलवत राहा, हळूहळू, न कंटाळता. कसं हलवायचं तेही करून दाखवलं. आक्काने मान डोलवली.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने कॅसेट काढली.

मी म्हटलं, "आक्का, ही भरतीच्या पोरांची कवायत आहे."

"व्हय की. पर उस्तादाचा हुकूम हाय. फौजी मानसाचं अंग हुकूम मोडत न्हाई."

घरात सगळ्यांना ते पटलं. सासूबाईंना, रजेवर आलेल्या नाथाजींना, भेटायला येणाऱ्या माजी सैनिकांना. त्या सगळ्यांसमोर माझी अकरावी काय टिकणार!

रोज सकाळी भावजींना बाजेवर बसवायचं, पाठीला गोधडी लावायची, समोरच्या कोनाड्यात टेप. "स्क्वाड, सावधान!" असा दणका यायचा आणि ज्याचा तो आवाज, तो माणूस बाजेवर लाळ गाळत बसलेला. "बाजू उपर, एक!" आक्का त्यांचा उजवा हात दोन्ही हातांनी उचलायची. तो खांद्यापर्यंत येईतो तिकडे 'चार' होऊन परत 'एक' लागलेलं असायचं.

"आवं, जरा दमानं," आक्का टेपला म्हणायची.

टेप कशाला ऐकतोय? मग मध्यावर यायचं, "ए, पाणी आण गं!" आक्का हातातला हात तिथेच सोडायची, उठायची, तांब्या घेऊन यायची. टेपमध्ये तिच्या बांगड्या वाजायच्या आणि घरातही वाजायच्या. भावजींना तहान नसायची. पाणी गालावरून ओघळायचं, ती पदराने पुसायची.

"कुणासाठी आणता पाणी?" मी एकदा न राहवून विचारलं.

"मागितलं न्हवं त्येंनी?" ती म्हणाली. चेहऱ्यावर काही नाही. विळीवर बसताना असतो तसाच चेहरा.

तेव्हा मला कळलं. हात उचलला गेला तर तिला हवाच होता, पण रोज सकाळी ती कॅसेट लावत होती ती त्या एका हाकेसाठी. मला तिची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला.

तिला दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. 'सावधान' झालं की भावजी डोळे मिटून घ्यायचे. जो माणूस उभ्या पलटणीला दमात घ्यायचा, त्याला रोज आपल्याच आवाजाकडून दम खावा लागत होता, आणि 'थम' म्हणायला जीभ नव्हती. हे मी आक्काला सांगितलं. ती म्हणाली, "डोळं मिटूनशान ध्यान देत्यात."

पायात मात्र जोर येऊ लागला. उन्हाळ्याच्या तोंडाला ते भिंतीला धरून उभे राहू लागले. एका दुपारी मी चुलीपुढून पाहिलं, तर ते आपले आपण पाय ओढत कोनाड्यापर्यंत गेलेले आणि टेपसमोर डाव्या हाताने बटणं चाचपताहेत. आक्काला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. तिने कोंबड्या हाकलल्या, ओसरीवर खेळणाऱ्या पोरांना दटावलं, "वरडू नगासा, त्ये पीटी करत्यात." मलाही तिने आत ओढलं. कॅसेटची पूर्ण बाजू संपेपर्यंत भावजी कोनाड्याला टेकून उभे होते. आम्ही दोघी दाराआड उभ्या राहून त्यांची पाठ बघत होतो. आवाज का येत नाही, हा विचार दोघींच्याही मनात आला नाही.

सकाळी आक्काने कॅसेट लावली. 'सावधान' आलंच नाही. नुसती खरखर, मग कोंबड्या, मग आक्काचा स्वतःचा आवाज, "वरडू नगासा, त्ये पीटी करत्यात." आणि जवळून कुणाचा तरी जड श्वास. तांबडं बटण आणि शेजारचं, दोन्ही त्यांनी एकदम दाबली होती.

आक्काने ती बाजू शेवटपर्यंत ऐकली. हात उचलला नाही, उठली नाही. टेप खट् करून बंद पडला तेव्हा तिने भावजींकडे बघितलं.

"तुमीच पुसलं?"

त्यांनी मान हलवली. हो.

"बरं केलं," ती म्हणाली. "जल्मात एकदा मला हाक मारल्याली. ती बी पुसली."

ओरडली नाही, रडली नाही. सूप घेतलं आणि उंबऱ्यापाशी ज्वारी पाखडायला बसली. मीच रडले. भावजींचं तोंड वाकडं व्हायला लागलं. त्यांना हे माहीत नव्हतं; आपला आवाज नको होता त्यांना, ती त्या एका हाकेसाठी कॅसेट लावते हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी बाजेवर डावा हात आपटला. मग घशातून काहीतरी आलं. "आ… आ…" वारं गेल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज. शब्द नव्हता, पण कुणासाठी होता हे सांगायला नको. सासूबाई परड्यातून धावत आल्या. "लालू बोलला गं!" म्हणून त्यांनी देवाला हात जोडले.

"आक्का," मी म्हटलं, "तुम्हाला बोलवताहेत."

"आयकलं," आक्का म्हणाली.

सूप थांबलं नाही. ते पुन्हा ओरडले, आणखी जोरात, मान ताणून. ती खडे वेचत राहिली. मी तिच्या हातून सूप काढून घ्यायला गेले, तर तिने ते नुसतं पलीकडे सरकवलं. सगळी ज्वारी पाखडून झाल्यावर, कोंडा कोंबड्यांना टाकून, ती हात झटकत बाजेपाशी गेली. तोवर ओरडून ओरडून त्यांना झोप लागली होती.