बाबांकडून आलेलं

माझ्या धाकट्या भावाला मराठीतले दोन शब्द कधीच नीट जमले नाहीत: आमचं आणि आपलं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, आणि तो वाढला इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये. बाबांना जेवायला बोलवायचं तर म्हणायचा, "बाबा, चला ना, आमचा जेवण थंड होतोय." बाबा हातातला पेपर खाली न ठेवता म्हणत, "आमचं म्हटलंस तर त्यात मी नाही. आपलं म्हण, म्हणजे मलाही दोन घास मिळतील." तो हसून "आपलं, आपलं" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

भाऊ दत्तक. हे घरात कधी लपवलं नव्हतं. माझ्यानंतर आईला मूल होणार नाही असं कळल्यावर ती आणि बाबा पुण्याला गेले आणि एका संस्थेतून काही महिन्यांचं बाळ घेऊन परत आले. बाबा इथल्या सरकारी हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. मी तेव्हा शाळेत नुकती जायला लागले होते आणि मला बहीण हवी होती. एअरपोर्टवरच मी भोकाड पसरलं की हा परत नेऊन बदलून आणा. ही गोष्ट पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगितली गेली, आणि सगळ्यात जास्त हसायचा तो भाऊच.

आई गेली आणि त्याचं हसणं कमी झालं. तिशी ओलांडलेला, आयटीत चांगल्या नोकरीला, पण मनात काहीतरी घेऊन फिरायचा. एकदा रजा काढून एकटाच पुण्याला जाऊन आला. संस्थेतल्या बाईंनी चहा दिला, प्रेमाने बोलल्या आणि सांगितलं की दाराबाहेरच्या पाळण्यात कुणीतरी ठेवून गेलं होतं, त्यापलीकडे काही माहिती नाही. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "पाळणा अजून तिथेच आहे, ताई. नवीन रंग दिलाय."

त्यानंतर त्याने ते किट मागवलं. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत पोस्टाने डीएनए तपासून घ्यायची टूम नवीच होती. गालाच्या आतून एक छोटा ब्रश फिरवायचा, नळीत घालायचा, पाठवून द्यायचा. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय क्रोमोसोम जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. पिढ्या जाता जाता कधीतरी त्यात एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक त्या पुरुषाच्या मुलांत, नातवांत, पणतूंत कायमची राहते. अशा चुकांचा माग काढत काढत कुठली शाखा कुठून फुटली आणि कुठवर पसरली हे सांगतात. बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे गोत्रच की. फक्त ऋषीच्या जागी नंबर." मग म्हणाले, "माझ्यासाठीही एक मागव. दोघांचं शेजारी शेजारी लावून बघू."

मी चिडले. चिडायला मला फार काही लागत नाही, पण यावेळी खरंच चिडले. भाऊ स्वयंपाकघरात असताना मी बाबांना म्हटलं, "तुम्ही डॉक्टर आहात ना? काय येणार ते तुम्हाला माहीत नाही का? कशाला तो वेगळा असल्याचं त्याच्यासमोर कागदावर आणायचं?"

"तो एकटाच शोधत बसलाय," बाबा म्हणाले. "सोबत कुणीतरी नको?"

 

निकाल आले. भाऊ मोठ्या पानावर नकाशे छापून घेऊन आला आणि आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. बाबांचा गट आर-वन-ए. त्याचे बाण पूर्व युरोपापासून मध्य आशियातून थेट आपल्या देशापर्यंत पसरलेले. नेमका निघाला कुठून यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नव्हतं. भावाचा गट एच. तो जवळजवळ सगळा आपल्या उपखंडातच, हजारो वर्षांपासून तिथेच मुरलेला, फारसा कुठे न गेलेला.

बाबा खूश झाले. "बघ! तू मूळचा मालक आणि उपरा मीच. आमच्या खापरपणज्याच्या खापरपणज्याला बूड स्थिर ठेवून बसता आलं नाही, तो पार गवताळ मैदानातून गुरं हाकत आला, आणि मी तिथून उठून इथे बकिंगहॅमशरला. खोडच आहे घराण्याची." मग त्यांनी चष्मा पुसला आणि दोन्ही पानांवर बोटं ठेवून एकेक फांदी मागे मागे नेली. त्या झाडावर मागे जाल तसतशा फांद्या एकमेकींत मिसळतात. पार खाली, एफ लिहिलं होतं तिथे, त्यांची दोन्ही बोटं एकमेकांना टेकली. "हा बघ. इथे आपला बाप एकच आहे."

मला वाटतं बाबांनी किट मागवलं तेव्हापासून ते या वाक्याकडे येत होते. त्यांनी त्याची तयारी केली होती, आणि ते वाक्य खरंही होतं. माझे डोळे भरून आले होते.

भावाने ती बोटं बघितली. म्हणाला, "बाबा, इथे तर सगळ्यांचाच बाप एक आहे. पोस्टमनचा पण." मग त्याने आपलं पान हळूच ओढून घेतलं. "मला एक गाव पाहिजे होता. एक नाव. यांनी मला आख्खा कॉन्टिनेंट दिला." पानाची घडी घालत तो म्हणाला, "ठीक आहे. आमचं वेगळं आहे."

बाबांनी सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा भावाने तो शब्द बरोबर वापरला होता. बाबा उठले आणि कुणी मागितला नसताना चहाचं आधण ठेवलं.

मी नंतर त्याला बाहेर गाठलं. रेडवेवरून, म्हणजे इथल्या लाल पायवाटेवरून, चालत होतो, शेजारून सायकली जात होत्या. म्हटलं, "शहाण्या, बाबांचा वाय माझ्यात तरी कुठे आहे? बायकांना तो नसतोच. त्यांची ती सगळी गुरं हाकणाऱ्यांची ओळ बाबांपाशी संपते. तू असलास काय आणि मी असले काय."

"तुला त्यांचा नाक आहे," तो म्हणाला.

 नाक आहेच. आरशात बघितलं की बाबाच समोर येतात.

पुढच्या वर्षी बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. भावाने आपला फ्लॅट भाड्याने दिला आणि घरी राहायला आला. मी तासाभरावर मेडनहेडला, नोकरी आणि घर सांभाळत शनिवार-रविवारी धावायचे. बाकी सगळं त्याने केलं. हॉस्पिटलला नेणं, आणणं, केमोनंतर बाबांना चालेल अशी मऊ खिचडी, जी तो फोनवर मला विचारून शिकला आणि लवकरच माझ्यापेक्षा चांगली करायला लागला. प्रत्येक कन्सल्टेशनला तो बाबांच्या शेजारच्या खुर्चीत. ते नकाशे कुठे गेले कुणी विचारलं नाही. बाबांनी त्याचं मराठी दुरुस्त करणं मात्र त्या दिवसापासून बंद केलं होतं. तो काहीही बोलला तरी ते नुसते ऐकून घेत. घरात ती एवढी शांतता मला सहन होत नसे.

बाबा एका दुपारी वॉर्डातच गेले. भाऊ त्यांच्या पायाला क्रीम लावत होता.

क्रेमेटोरियमला वेळ ठरलेली असते. आपल्यानंतर दुसरं कुटुंब बाहेर उभंच असतं. लंडनहून आलेल्या गुरुजींनी भावाला पुढे घेतलं आणि विचारलं, "गोत्र?"

भावाने विचारलं, "बाबांचं की माझं?"

गुरुजी गोंधळले. मी हळूच सांगितलं की दत्तक आहे. "रीतसर घेतलंय ना? मग वडिलांचं तेच याचं," असं म्हणून त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि मंत्र सुरू केले. शास्त्राने एका वाक्यात सगळं मिटवलं. भाऊ गुरुजींच्या मागोमाग एकेक शब्द म्हणत गेला, आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, कुठेही न अडखळता. पण मी त्याच्या बाजूलाच उभी होते. परक्या माणसाचं सामान सांभाळून धरावं तसा तो ती नावं धरत होता.

काही महिन्यांनी मला जेनेटिक्स क्लिनिकचं बोलावणं आलं. बाबांचे वडील त्याच आजाराने गेले होते, एक काका तरुणपणी गेले होते, त्यामुळे हा आजार रक्तातून उतरत असावा असा डॉक्टरांना संशय होता. मला भीती वाटत होती. भाऊ म्हणाला, "मी येतो तुझ्याबरोबर." त्याची गाडी, त्याची सुट्टी.

आतली बाई इंग्लिश होती, मऊ आवाजाची. ती वंशावळ काढायला बसली, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजोबा कितव्या वर्षी गेले? मला आठवेना. भावाने सांगितलं. काकांना नेमकं कुठे होतं? भावाने सांगितलं. बाबांना पहिली लक्षणं कधी, कुठलं औषध सोसलं नाही, आत्याची तपासणी झाली होती का? सगळं तोच सांगत होता. मी आपली माहेरच्या गोष्टी पाहुण्यासारखी ऐकत बसले. बाई लिहिता लिहिता त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीही आजच रक्त देऊन टाका. मुलगा म्हणून तुम्हालाही तेवढाच धोका."

 भाऊ म्हणाला, "मी दत्तक आहे."

"अरे वा," ती मनापासून म्हणाली, "मग तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. तुम्हाला काळजीचं कारण नाही." आणि तिने माझ्या शेजारच्या चौकोनाला दोन्ही बाजूंनी कंस घातले, बाबांपासून त्याच्यापर्यंत तुटक रेघ ओढली. तिची काही चूक नव्हती. त्यांच्यात तशीच पद्धत आहे.

माझ्या दंडातून रक्त घेतलं गेलं. आम्ही कार पार्कमध्ये आलो. भावाने गाडी उघडली, बसला, पट्टा लावला आणि किल्ली हातात तशीच धरून बसून राहिला. मला वाटलं तो माझ्या काळजीत आहे. मी म्हटलं, "अरे, अजून काही आलेलं नाही. उगाच तोंड पाडू नकोस."

तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "मला बाबांकडून काहीच नाही मिळाला, ताई. आजार पण नाही."

आणि तो रडायला लागला. बाबा गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला मरणाची भीती वाटत होती, आणि तरीही, देवाशप्पथ सांगते, आत त्या नळीत माझ्या रक्तात जे काही असेल ते काढून त्याला देता आलं असतं, तर मी दिलं असतं. त्याने ते घेतलंही असतं.