हेड घासायचं मशीन

खराडीत नोकरी लागल्यावर मी एक जुनी मोटरसायकल घेतली. चढावर ती धापा टाकायची. इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणासारख्या भागात, हवा-पेट्रोल आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन मार्ग असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. ते आतून नीट घासले, की इंजिन मोकळं होतं, असं मी इंटरनेटवर वाचलं. भंगारातून एक जादा हेड आणलं. आता फक्त घासायचं मशीन हवं होतं. त्या ‘फक्त’नं माझे सगळे शनिवार खाल्ले.

घरात भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल होतं. ते जड आणि मंद. त्याला लावलेला घासायचा कटर धातूवर नुसता उड्या मारायचा. मनगट भरून आलं, तेव्हा बुधवार पेठेतलं अवजारांचं दुकान गाठलं.

“कशासाठी हवंय?” दुकानदारानं मान वर न करता विचारलं.

“मोटरसायकलचं हेड घासायचंय.”

“मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो.”

“मिस्टरांना गाडीला किक मारता येत नाही.”

“मग गॅरेजला द्या.”

मी हलले नाही, तेव्हा त्यानं एक पेनाएवढं ग्राइंडर काढून दिलं. घरी ते थोड्याच वेळात तापलं आणि जळका वास सोडून बंद पडलं. परत घेऊन गेले.

“याच्यावर इंजिन घासतात का? हे नक्षीकामाचं आहे.”

“अहो, तुम्हीच दिलंत!”

“तुम्ही मागितलंत, मी दिलं.”

पुढच्या दुकानात हवेवर चालणारं डाय ग्राइंडर दाखवलं. हलकं, सुरेख. पण त्याला फ्रिजएवढा कॉम्प्रेसर लागणार होता. वाघोलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तो ठेवणार कुठे? मग विजेवरचं घेतलं. त्याला वेग एकच, सुसाट. कटरच्या दातांत ॲल्युमिनियम वितळल्यासारखं चिकटून बसायचं. वेग कमी-जास्त करता येणारं मशीन मागवावं लागेल, असं दुकानदार म्हणाले. “पुढच्या आठवड्यात या,” हे मी कितीदा ऐकलं, देव जाणे.

शेवटी ते आलं, तर शनिवारी वीज जायची. वीज असली, की बाल्कनीतल्या मशीनची घरघर ऐकून वरच्या मजल्यावरचे काका खाली यायचे.

“आपण दातांचा दवाखाना काढलात का? बोर्ड दिसला नाही कुठे.”

एक पोर्ट मात्र छान झाला. आतून बोट फिरवलं, तर गुळगुळीत. दुसरा निम्म्यावर असताना कटर निसटला आणि जिथे व्हॉल्व्ह घट्ट बसतो, त्या कडेवर खोल चरा पडला. मी मशीन बंद केलं आणि बाल्कनीतच रडले. दुःखानं नव्हे, संतापानं.

नवरा दारात उभा होता. काय बिघडलं ते त्यानं विचारलं. मी नाक पुसत सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, “म्हणजे आता हेही मशीन परत द्यायचं का?”



ती कड एका वर्कशॉपमध्ये नवी बसवून घेतली. उरलेला पोर्ट मी लाकडी दांडीला पॉलिश पेपर गुंडाळून हातानंच घासला. दुसऱ्याच दिवशी काका जिन्यात भेटले आणि म्हणाले, “दवाखाना बंद वाटतं? पेशंट गेला की काय?”