अधिक महिन्यातला केक

माझी नणंद त्साइफेन गर्विष्ठ आहे आणि तिला ते शोभतं, हे कबूल करायला मला एकतीस वर्षं लागली. रेशीम गिरणीच्या खानावळीत तिने उभा जन्म भाज्या चिरण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर इतर बायका चौकात नाचायला गेल्या. ही फोनवर बघून केक शिकायला बसली. पहिला केक भाताच्या कुकरमध्ये केला होता. माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाने, त्यावर अक्रोड फोडून दाखवला. ती हसली नाही की रडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा अंडी फोडली.

आता आमच्या आवारात वाढदिवस असला की लोक आधी त्साइफेनला विचारतात आणि मग हॉटेलात टेबल सांगतात. आम्ही चीनमधल्या वूशी शहराची माणसं मांसात साखर घालतो, मोमोच्या सारणात साखर घालतो, पण केकची तारीफ करायची तर एकच शब्द, "गोड नाही!" तो ऐकला की त्साइफेनची मान अशी ताठ होते की मला तिला चिमटा काढावासा वाटतो.

हे झालं तिचं. आता माझ्या सासूबाई. त्यांचा जन्म एक्केचाळीस सालचा, अधिक सहाव्या महिन्यातल्या अकराव्या तिथीचा. दरवर्षी आम्ही साध्या सहाव्या महिन्यात शेवयांचा वाडगा पुढे ठेवून मोकळे होतो. पण अधिक महिना दर वेळी वेगळा, अधिक सहावा फार क्वचित येतो. यंदा तो आला.

"चार ऑगस्टला तिथी आहे, वहिनी," त्साइफेन म्हणाली. "पुढचा अधिक सहावा छत्तीस साली. आई तेव्हा पंच्याण्णव. आता नाही तर कधी?"

"त्यांना विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

विचारायचं बरंच होतं. चौऱ्याऐंशी हे वय आमच्याकडे वाईट. यमाने बोलावणं धाडलं नाही तरी त्या वर्षी माणूस आपल्या पायांनी जातो म्हणतात. सासूबाईंनी ते वय शिताफीने टाळलं होतं. आमची जुनी मोजणी मूल जन्मतं तेव्हाच एक वर्षाचं धरते, त्या हिशेबाने गेल्या वर्षी चौऱ्याऐंशी लागलं. तेव्हा म्हातारी ओळखपत्र दाखवून सगळ्यांना त्र्याऐंशी सांगायची. यंदा ओळखपत्रावर चौऱ्याऐंशी होणार, तर तिला एकदम जुनी मोजणी आठवली आणि ती झाली पंच्याऐंशी. मधला आकडा गायब!

"काही नको केकबिक," त्यांनी लेकीला सुनावलं. "मी चोरपावलांनी निसटतेय, आणि तू दिवे लावून त्याला घर दाखव."

"अगं, पण तू पंच्याऐंशी सांगतेस ना?"

"सांगते. खोटं बोलणाऱ्याने ढोल वाजवू नये."

त्साइफेन हटली नाही. शेवटी म्हातारीने केकला हो म्हटलं, पण एका अटीवर. वयाचा आकडा कुठेही दिसता कामा नये. ही अट ठरली तेव्हा मी बाजारात होते, आणि मला कुणी सांगितली नाही. हे मी आधीच लिहून ठेवते.

चार तारखेला सकाळीच त्साइफेन आमच्या स्वयंपाकघरात घुसली आणि मला बाहेर काढलं. मी दारातून बघत राहिले. अंड्यांचा पांढरा भाग तिने इतका फेटला की भांडं उपडं केलं तरी हलेना. पिवळ्यात दूध, तेल आणि मैदा घातला. लोणी नाही, लोण्याने जड होतो म्हणे. भट्टीतून काढल्याबरोबर केक साच्यासकट उलटा टांगला.

"पडला म्हणजे?" मी विचारलं.

"माझा पडत नाही."

नाहीच पडला. मग बैठकीतला एसी सोळावर लावून, बर्फात भांडं ठेवून क्रीम फेटलं. केकचे आडवे तीन काप केले. इथल्याच यांगशान गावचे पीच अगदी शेवटी कापले, कारण पिकलेल्या पीचला इतका रस सुटतो की क्रीमची खीर होते. प्रत्येक फोड काळी पडू नये म्हणून मिठाच्या पाण्यातून काढून, कागदाने टिपून मधल्या थरांत रचली. जेवणाच्या टेबलावरची फिरती थाळी एका हाताने फिरवत दुसऱ्या हाताने बाहेरून क्रीम लावलं. वर पीच, किवी आणि चिमुकले लाल टोमॅटो. भिंतीला चुना द्यावा तशी सफाई होती. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

मेणबत्त्या आणायचं काम माझं होतं. दुकानातल्या मुलीने जन्मसाल विचारलं, मी सांगितलं, तिने मेणबत्त्यांच्या पुड्यात दोन आकडे घालून हातावर ठेवले. मी शाळेच्या कचेरीत नोकरी केलेली बाई. माझ्या लेखी वय म्हणजे कागदावरचं; म्हातारीची मोजणी तेव्हा डोक्यातच आली नाही. त्साइफेन हात धुवायला गेली तेवढ्यात मी आठ आणि चार केकवर रोवले, पेटवले आणि हौसेने सासूबाईंसमोर नेऊन ठेवले.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या उठल्या, खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"अक्कल गहाण टाकलीस का?" नवरा माझ्यावर ओरडला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्साइफेन ओरडली नाही. तिने दोन्ही आकडे उपटले, खड्डे क्रीमने बुजवले आणि स्टूल ओढून आईच्या दाराशी बसली.

"आई, अधिक महिन्यातल्या माणसाचा खरा वाढदिवस अधिक महिन्यातलाच. मोजूया? साठ साली पहिला. घरात मूठभर पीठ नव्हतं. एकोणऐंशी, दुसरा. तू गिरणीत पाळीवर होतीस. सत्त्याऐंशीला तिसरा, बाबा दवाखान्यात. चौथा सतरा साली. तेव्हा काही अडचण नव्हती. दादा घर बदलत होता, मी केक शिकत होते, आणि आम्ही सगळे विसरलो. तू बोललीही नाहीस."

मी त्या दिवशी त्यांना खोक्यावर बसवून भांडी गुंडाळायला लावली होती. ते आठवून मला स्वतःची लाज वाटली.

"आज पाचवा," त्साइफेन म्हणाली. "तू पाच वर्षांची आहेस, आई. पाच वर्षांच्या पोरीला कुणी बोलावत नाही."

दाराआडून आवाज आला.

"सहा."

"काय?"

"जन्मताना एक धरतात. खानावळीत हिशेब शिकली नाहीस का? सहा."

दार उघडलं. पुड्यात बारीक मेणबत्त्याही होत्या. त्यातल्या सहा मी लावल्या. सासूबाईंनी एका फुंकरीत सगळ्या विझवल्या आणि दोन मोठे तुकडे खाल्ले. ओठाला क्रीम लागलं होतं, ते कुणी पुसलं नाही.

"पुढच्या वेळी किवी नको," त्या म्हणाल्या. "दात आंबतात."

"पुढच्या वेळी म्हणजे छत्तीस साली, आई," त्साइफेन म्हणाली, आणि आमची ती ताठ मानेची बाई हुंदके देऊन रडायला लागली.

"मग? विसरशील म्हणून आत्ताच सांगतेय." सासूबाईंनी ताटली पुढे केली. "तेव्हा मी सात. आकडा लाव खुशाल, मोठा बघून आण."