भिंतीवरची पांढरी पट्टी

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, आतल्या खोलीच्या भिंतीवर ती पांढरी पट्टी कसली, आणि एवढी छान भिंत कुणी खराब केली? मी म्हटलं, लिहून कळवते. बोलताना मला ते नीट सांगता आलं नसतं.

ती प्लॅस्टिकची पट्टी आहे आणि तिच्या पोटातून वायरी गेल्या आहेत. बाहेरच्या दाराशेजारच्या मेन स्विचपासून निघून ती पॅसेजमधून आतल्या खोलीत येते आणि आजोबांच्या पलंगाच्या उशाशी चार सॉकेटच्या बोर्डाला मिळते. आजोबा चाकणच्या कंपनीत आयुष्यभर मेंटेनन्सला होते. आपल्या निगडीच्या घरातली एकही वायर त्यांनी उघड्यावर राहू दिली नव्हती. त्यांनीच ही पट्टी मारायला सांगितली, यावरून काय ते समजा.

त्यांची फुप्फुसं फार थकली होती. डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजनचं मशीन सतत चालणार असेल तर घरी न्या. तोवर सिलिंडर देतो. त्यांना घरीच यायचं होतं. दवाखान्यातलं छत त्यांना आवडत नव्हतं. त्यावरचा पंखा डुगडुगायचा, आणि उठून तो घट्ट करता येत नाही याचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा.

आतल्या खोलीत एकच सॉकेट होतं, दारामागे. ऑक्सिजनचं मशीन, वाफेचं मशीन, हवेच्या गादीचा पंप, या सगळ्यांना जागा हवी. मी एक्स्टेंशन बोर्ड आणायचं सुचवलं.

"मॅडम," ते म्हणाले. मी शाळेत इंग्रजी शिकवायची म्हणून ते मला चिडवायला मॅडम म्हणत. "एका सॉकेटच्या गळ्यात किती जणांना लटकवणार? तापेल, वितळेल. मग ऑक्सिजन राहील बाजूला, आधी आगीचा बंब बोलवा."

त्यांच्या हाताखाली शिकलेला एक वायरमन तळवड्याला राहतो. मूळचा लातूरकडचा. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून तो गुरुवारी सकाळीच आला. आजोबांनी पलंगावरून हुकूम सोडायला सुरुवात केली. मेनपासून वेगळी लाइन, तिला स्वतःचा एमसीबी. वायर जाड. अर्थिंग बोर्डापर्यंत आलंच पाहिजे. बाथरूमच्या भिंतीला ओल येते, तिच्यावर काही नको. बोर्ड कमरेएवढ्या उंचीवर, म्हणजे मॅडमना वाकावं लागणार नाही.

"काका, भिंत फोडून आतून घेऊ का? तुम्हाला पट्टी चालत नाही, ठाव हाय मला."

"धूळ उडेल रे. ती आता मला चालत नाही. पट्टीच मार. माझ्या नाकावरून नळी गेलीय, भिंतीच्या अंगावरून पट्टी जाऊ दे."

"आणि सॉकेट तीन ना?"

"चार. चौथ्यात परदेशी चपट्या पिनाही बसतील असा बघ. पोरं आली की अडॅप्टर शोधत घरभर हिंडतात."

ती पोरं म्हणजे तुम्ही.

काम सुरू करण्याआधी त्यांनी मला कपाटातून लाल कुलूप आणायला लावलं. ते तुम्हाला आठवत असेल. मेन स्विचच्या लोखंडी पेटीला त्यांनी कडी बसवून घेतली होती. नुसता पंखा पुसायचा असला तरी ते मेन बंद करून कडीला कुलूप घालत आणि त्यावर आपल्या नावाचा, फोटोचा लाल पत्रा अडकवत. कंपनीत तशी पद्धतच आहे. मशीनवर हात घालणारा माणूस आधी आपलं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. दुसऱ्या कुणी ते काढायचं नाही, साहेबानेही नाही. तरुणपणी त्यांच्या एका सोबत्याचा हात पॅनलमध्ये असताना कुणीतरी नकळत बटण दाबलं होतं. त्याबद्दल ते कधी जास्त बोलले नाहीत. तेव्हापासून कुलूप मात्र कधी चुकलं नाही.

त्या दिवशीही ते सिलिंडरची नळी लावून, माझ्या खांद्याला धरून पॅसेजपर्यंत चालत आले. कुलूप स्वतः लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

काम जवळजवळ झालं होतं. बोर्डाचा शेवटचा स्क्रू पिळताना वायरमनने मागे वळून पाहिलं आणि हातातला स्क्रूड्रायव्हर टाकला. आजोबांचे ओठ निळे पडले होते. ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवरून त्यांनी मास्क थोडा बाजूला केला.

"कुलूप मी आल्यावर काढीन," ते म्हणाले. "अर्थिंग तपासल्याशिवाय चालू नाही करायचं."

संध्याकाळी नर्सने त्यांचा सदरा माझ्या हातात दिला. खिशात किल्ली होती.

त्यानंतर आपल्या घरात वीज नव्हती. फ्रिज मी रिकामा केला. फोन शेजारच्यांकडे चार्जिंगला ठेवायची. दवाखान्यातून आले की दिवेलागणीला समई लावायची आणि तिच्याच उजेडात जेवायची. तुमच्या बाबाचा तिकडून फोन यायचा.

"आई, किल्ली आहे ना तुझ्याकडे? मग उघड की!"

"त्यांचं कुलूप आहे."

"अगं, ते काय घरात काम करतायत का आत्ता? तू शिकलेली बाई आहेस, आई."

समईत तेल घालायचंय, असं सांगून मी फोन ठेवायची. कुलूप त्यांनी लावलं होतं आणि ते काढायला ते येणार होते. मी काढलं तर त्यांना यायचं कारण एकाने कमी होईल, असं काहीतरी मनात धरून मी बसले होते. डॉक्टरही म्हणत, दोन दिवस बघू, मग घरी. मशीन आणून मी बोर्डाखाली ठेवलं होतं. त्याची वायर गुंडाळलेलीच होती.

वायरमनला मी फोनवर विचारलं, तुला काय वाटतं?

"काकू, ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. मी तर हात न्हाई लावणार. येतील की काका."

रविवारी दुपारी ते गेले.

तुमचा बाबा विमानात बसला. तो पोचेपर्यंत त्यांना घरी ठेवायचं ठरलं. त्यासाठी काचेची शीतपेटी आणावी लागते आणि ती विजेवर चालते. मंडळी पेटी घेऊन जिन्यात येऊन थांबली होती. पॅसेजमध्ये अंधार होता आणि मेनवर आजोबांचा फोटो लटकत होता, मिशा काळ्या असतानाचा.

वायरमन धावत आला होता. चपला काढून तो मेनच्या पेटीसमोर उभा राहिला. मी किल्ली पुढे केली. त्याने घेतली नाही. डोळे पुसून तो म्हणाला, "काकू, असं न्हाई काढता येत. नियम हाय. काकांनीच शिकवलाय. माणूस आवारात न्हाई, हे आधी त्याच्या वरच्यानं बघून सांगायचं. मग दुसऱ्यासमोर काढायचं."

जिन्यातून कुणीतरी म्हणालं, "अरे राव, ही काय वेळ आहे का?"

"हीच हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काकू, काका आवारात हायेत का?"

आयुष्यभर मी मुलांना एका वाक्यात उत्तरं द्यायला शिकवलं. मी एका शब्दात दिलं, "नाहीत."

त्याने कुलूप काढलं. कुलूप, किल्ली आणि लाल पत्रा माझ्या ओंजळीत ठेवला. मग मेन चालू करून, आधी फक्त नव्या लाइनवर, टेस्ट लॅम्पने बोर्डावरची चारही सॉकेटं तपासली, फेज, न्यूट्रल, अर्थिंग, घाई न करता. मग बाकीची बटणं वर केली आणि दिवे लागले. रिकामा फ्रिज घुरघुरू लागला. सगळे म्हणाले शीतपेटी हॉलमध्ये ठेवा, तो म्हणाला, जुन्या सॉकेटवर रात्रभर नको, तापेल. म्हणून त्यांना आतल्या खोलीतच ठेवलं, त्यांच्या उशाशी जिथे मशीन चालायचं होतं तिथेच. नव्या लाइनवर पहिला लोड त्या पेटीचा आला.

झाकण लावण्याआधी वायरमन हळूच म्हणाला, "काकू, नियमातलं एक राहिलंय. माणूस परत आला की काम धरायच्या आत त्याला सांगायचं असतं, की तुझं कुलूप आम्ही काढलंय. ते तुमीच सांगा."

मी वाकले. मी देवाचं नाव घेतेय असं वाटून मागच्या बायकांनी हात जोडले. मी त्यांच्या कानात सांगितलं, "अहो, तुमचं कुलूप काढलंय. लाइन ठीक आहे. अर्थिंग लागलंय."