ट्यूनरच्या पाठीवरचे चार स्क्रू

बुद्धभूषण साळवे या माणसाला मी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने माझे दोन्ही डोळे नेले. पण माणूस मला पुरता ठाऊक आहे. बोटं जाड, अंगठ्यावर सोल्डरिंगच्या चटक्याचा जुना वण, आवाज खालच्या पट्टीतला. मराठी बोलता बोलता मध्येच फौजी हिंदीत शिरायची खोड. देवळाली कॅम्पात लष्कराच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं वायरलेस सेट दुरुस्त केले, आता निवृत्त. त्याच्याबद्दल मी आज मोकळेपणाने बोलणार आहे, कारण त्याच्या तोंडावर बोलायला गेलो की तो चहा गार होतोय म्हणून विषय बदलतो.

डोळे गेल्यावर वाचन जातं, फिरणं जातं, हे सगळ्यांना कळतं. पण काम जातं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मी पोस्टात अडतीस वर्षं काढली, घरातला फ्यूजसुद्धा कधी दुसऱ्याला बदलू दिला नाही. आणि आता? पाणी प्यायला उठलो की माझी बायको श्यामला म्हणते, "अहो, बसा, मी देते." दाराची बेल वाजली की मुलगा धवल म्हणतो, "बाबा, तुम्ही बसा." बसा, बसा, बसा! बसून बसून माझा पार गोटा झाला होता. माणसं सोन्यासारखी आहेत हो, पण एक तरी वस्तू माझी मी चालवावी, एवढंच मला हवं होतं. ते कुणाला सांगायचं?

ती वस्तू म्हणजे माझा जुना स्टीरिओ ट्यूनर. बदली होऊन निघालेल्या एका मेजरसाहेबांकडून मी तो देवळालीत घेतला होता. ट्यूनर नुसतं स्टेशन पकडतो, त्याला स्वतःचा आवाज नाही. आवाजाला अॅम्प्लिफायर वेगळा आणि त्याला दोन स्पीकर. डोळे गेले तरी त्याचं स्टेशनचं चाक फिरवणं माझ्याकडेच होतं.

मग घराला रंग काढला. श्यामलाने सगळ्या वायरी उपटल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि एकेका पिशवीत घालून वर चिठ्ठ्या लावल्या. 'रेडिओची काळी वायर.' 'रेडिओची दुसरी काळी वायर.' धन्य ती बाई! रंग झाल्यावर धवल जोडायला बसला. ट्यूनरच्या पाठीवर चार स्क्रू, स्पीकरच्या वायरींची टोकंही चार. गडी खूश! दिली टोकं आवळून. ट्यूनर लावला तर हूं नाही की चूं नाही. एक मेकॅनिक येऊन गेला, उभ्या उभ्या दोन खटके दाबले आणि म्हणाला, "मेलाय. भंगारात द्या."

धवलने मायेने एक नवा स्पीकर आणला. त्याला तोंडाने सांगायचं, गाणं लाव. म्हणजे आता डब्याचीसुद्धा विनवणी करायची! मी त्या डब्याशी बोललोच नाही. खरं सांगायचं तर महिनाभर कुणाशीच धड बोललो नाही.

शेवटी श्यामलाने हा विषय शाळेतल्या तिच्या जुन्या सहकारी रोहिणीबाईंकडे काढला आणि त्यांनी आपल्या थोरल्या भावाला पाठवलं, तोच हा बुद्धभूषण. रविवारी सकाळी बसने आला, दारात "जय भीम" म्हणाला आणि चपला काढता काढता विचारलं, "लाईटची पिन काढलीय ना?" मग ट्यूनर उलटा करून माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि हसला.

"हे कुणी जोडलं?"

"मी," धवल म्हणाला.

"लय घट्ट आवळलंय. पण ही जागा एरियलची, साहेब. इथून आवाज आत येतो, बाहेर नाय जात." स्पीकर सोडवून त्याने अॅम्प्लिफायरला लावले. मग ट्यूनरपासून अॅम्प्लिफायरला जाणाऱ्या दोन वायरी माझ्या पुढ्यात टाकल्या. "काका, बाकीचं तुम्ही जोडा."

माझं डोकंच फिरलं. "आंधळ्याची थट्टा करायला देवळालीहून आलात होय?"

पण तो माणूस चिडला नाही. म्हणाला, "काका, वर्कशॉपात आमच्या उस्तादांनी पहिले तीन महिने रुमालाने आमचे डोळे बांधले होते. सेटमध्ये हात घातला की आपल्याच हाताने दिसायचं बंद होतं, मग डोळ्याचा काय उपयोग, म्हणायचे. मी तर रडलो होतो. आराम से करा. द्या हात."

आणि त्याने माझं बोट धरून त्या यंत्राच्या पाठीवरून फिरवलं. डावीकडे ओळीने चार स्क्रू, एफएमच्या चपट्या वायरीचे पहिले दोन. त्यांच्यावर बिजागरीवर हलणारी दांडी, ती मीडियम वेव्हची. उजवीकडे दोन गोल सॉकेट, आवाज बाहेर जायचे, वरचं डाव्या स्पीकरचं, खालचं उजव्याचं. डाव्या वायरला त्याने दोऱ्याची एक गाठ मारली, उजवीला दोन. मग पुढची बाजू. मोठं चाक स्टेशनचं. शेजारी तीन खटके, पहिला चालू-बंद, दुसरा एफएम की मीडियम वेव्ह, तिसरा म्यूटिंग.

"ट्यूनर मेला नव्हता, काका. या तिसऱ्याने गप्प केला होता. खरखर नको म्हणून लोक हा दाबतात, मग कमजोर स्टेशनपण गिळतो. तुम्ही हा उघडाच ठेवा. तुम्हाला खरखर पायजे. ती कमी झाली की समजायचं, स्टेशन आलं."

सगळे मला त्रास नको म्हणून धडपडत होते. मला खरखर पाहिजे म्हणणारा हा पहिलाच!

तीन रविवार तो आला. दर वेळी सगळ्या वायरी उपटायचा आणि म्हणायचा, "हां काका, शुरू." पहिल्या रविवारी मला पाऊण तास लागला, शिव्याही घातल्या. तिसऱ्या रविवारी दहा मिनिटांत झालं, तेव्हा उठून माझ्या पाठीवर थाप मारली.

गेल्या महिन्यात श्यामला सकाळीच मावसबहिणीकडे पिंपळगावला गेली, धवल कामावर. दुपारी खटका दाबला तर चिडीचूप. मग स्वतःलाच म्हटलं, वेण्या, रडतोस काय? पिन काढली. पाठीमागे हात घातला. एक गाठवाली वायर लोंबत होती, दोन गाठवाली पार टेबलाखाली. झाडू मारताना टेबल सरकलं असणार. दोन्ही बसवल्या. एरियलचा एक स्क्रू ढिला, तो नखानेच आवळला. पिन लावली. तरी शांतता. तिसरा खटका चाचपला, तर दाबलेला! उघडला, आणि काय सांगू, अशी झकास खरखर आली की मी एकटाच मोठ्याने हसलो.

आधी बुद्धभूषणला फोन केला. "लागला!" म्हटलं.

"लागणारच. काय निघालं होतं?" एका मेकॅनिकने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं. मी सगळं सांगितलं. "बरोबर," म्हणाला, आणि फोन ठेवून दिला. तुझं कल्याण होवो रे बाबा.

संध्याकाळी श्यामला आली तेव्हा नाशिक आकाशवाणीवर जुनी भावगीतं लागली होती. दारातच थबकली.

"कोण आलं होतं? कुणी लावून दिला?"

"कुणी नाही. मीच."

पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. नाक ओढलं तिने, ते मला ऐकू आलं.

मग म्हणाली, "अहो, जरा मोठा करा ना."

दोन वर्षांत घरातल्या कुणी मला सांगितलेलं ते पहिलं काम. मी उठलो आणि केलं.